पाककृती कोणाच्या भरवशावर?

नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या माणसाने कृती कोठून घ्यावी, छापील पुस्तकातून की फोनच्या पडद्यावरून, हा प्रश्न अग्रलेखाच्या पानावर चर्चिण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. ज्या विषयावाचून कोणाचाही एक दिवस निभत नाही त्याविषयी विचारवंतांनी मौन पाळावे, ही आपली जुनी रीत आहे. तथापि परिस्थिती बदलली आहे. पूर्वी हा प्रश्न नव्या सुनेचा समजला जाई. आज तो नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाचा आहे, खानावळीला कंटाळलेल्या विद्यार्थ्याचा आहे, आणि संध्याकाळी सात वाजता कचेरीतून परतणाऱ्या पती-पत्नींचा आहे. या सर्वांच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये जगातील बहुतेक सर्व पदार्थ आहेत. मग पुस्तक हवे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ जुन्याच्या प्रेमापोटी देऊन चालणार नाही.

एक साधा प्रसंग सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या भाच्याने एका दिवाळीत अनारसे करण्याचा संकल्प सोडला. सहा मिनिटांची एक चित्रफीत त्याने तीनदा पाहिली. तीत सर्व काही सुबक होते. तांदूळ भिजले, वाळले, दळले गेले, गुळाशी एकजीव झाले आणि तुपात पडताच जाळीदार फुलले. भाच्याने तांदूळ रात्रभर भिजवले, दुसऱ्या दिवशी पीठ केले, त्याच संध्याकाळी कढई ठेवली, आणि पहिलाच अनारसा तुपात हसला. हसला म्हणजे विरघळून कढईभर पसरला. करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या या अपघाताला मराठी गृहिणींनी असे नाव ठेवावे, यात त्यांचा मिस्कीलपणा दिसतो. दुसरा, तिसरा आणि चौथाही हसला. चूक चित्रफितीतील बाईंची नव्हती. त्यांनी स्वतः तांदूळ तीन दिवस भिजवले होते, रोज पाणी बदलले होते आणि तसे एका वाक्यात सांगितलेही होते. परंतु पडद्यावर त्या तीन दिवसांना चार सेकंद मिळाले होते आणि तुपात फुलणाऱ्या अनारशाला पुरे एक मिनिट. पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो लांबीचा.

पुस्तकात याच्या उलट घडते. तेथे अनारशाच्या कृतीचा बहुतांश भाग तांदळानेच व्यापलेला असतो: तीन दिवस भिजत ठेवणे, रोज पाणी बदलणे, उपसून फडक्यावर पसरणे, किंचित ओलसर असतानाच कुटणे, चाळणे, गूळ किंवा साखर मिसळून गोळा डब्यात दाबून काही दिवस मुरू देणे. तळणे शेवटच्या दोन-तीन ओळींत उरकते. खसखशीची बाजू वर ठेवावी, अनारसा उलटू नये, झाऱ्याने तूप वर उडवावे. आणि जाणत्या लेखिकेच्या पुस्तकात त्याखाली आणखी एक ओळ असते, ती म्हणजे अनारसा हसल्यास काय करावे. गोड जास्त झाल्यास पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळावी, ही ती ओळ. ही ओळ केवळ कल्पनेने लिहिता येत नाही. जिच्या स्वतःच्या कढईत कधीतरी अनारसे हसले असतील, तीच ती लिहू शकते.

आमच्या मते मुद्दा येथे आहे. पाककृती ही एक साक्ष असते. 'हे मी केले, इतक्या प्रमाणात केले, आणि ते असे झाले' अशी ग्वाही देणारे कोणीतरी तिच्यामागे उभे असावे लागते. कागद की काच हा वाद त्यानंतरचा.

या साक्षीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' या ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण घातले. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले. परंतु हे ग्रंथ राजाच्या वा पंडिताच्या बैठकीतले. चुलीपुढे ते उघडून बसण्याचा प्रश्न नव्हता. मराठीत छापील पाकपुस्तक आले ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'च्या रूपाने. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले, ज्याने हजार पाकक्रियांचा पसारा एका बांधणीत आणला. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' प्रसिद्ध झाली. तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि कमलाबाईंना लाख सुनांची सासू असे गमतीने म्हटले जाऊ लागले.

ही गंमत सोडून त्यामागचे कारण पाहण्यासारखे आहे. 'रुचिरा' घरोघर पोचली तो काळ एकत्र कुटुंबे मोडण्याचा होता. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्या मुलीजवळ सासू नव्हती, आई सांगली-साताऱ्याला होती, टेलिफोन दुर्मीळ होता आणि पत्राचे उत्तर येईपर्यंत डाळ करपून जाई. परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानातही ते पुस्तक गेले. फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या एका गृहिणीने असे पुस्तक लिहावे, आणि पदवीधर मुलींनी ते डोळे मिटून प्रमाण मानावे, ही आपल्या सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे. पुस्तक वाचून का कोठे स्वयंपाक येतो, असे त्या काळीही म्हणणारे होते. आज फोनविषयी जे म्हटले जाते ते तेव्हा पुस्तकाविषयी म्हटले जाई, हे पुस्तकाच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

कमलाबाईंच्या यशाचे एक मर्म अगदी साधे आहे: त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरली. ज्या घरात तराजू नाही त्या घरात वाटी असतेच. वाटी लहान असो वा मोठी, पुस्तकभर तीच वापरली की प्रमाण बिघडत नाही. मोदकाच्या उकडीला जितक्या वाट्या पिठी तितक्या वाट्या पाणी, हे सांगताना ती वाटी किती मिलिलिटरची, याची चौकशी करावी लागत नाही. शिवाय सगळ्या कृती एकाच हाताच्या असल्याने तिखट-मिठाची पट्टीही एकच राहते. दोन-चार पदार्थ केले की वाचणाऱ्याला उमगते की या बाईंच्या हाताला मीठ आपल्यापेक्षा थोडे अधिक आहे, आणि मग उरलेल्या सगळ्या कृतींत तो ते आपोआप कमी करतो. लेखिकेशी अशी ओळख जमली की मनुष्य निम्मा स्वयंपाक शिकला.

आंतरजालावर ही ओळख जमत नाही, कारण तेथे हात एक नसतो. आज ज्या कृतीतून आमटी केली ती नागपूरच्या कोणाची, उद्याची भाजी न्यू जर्सीत राहणाऱ्या कोणाची, आणि परवाचा केक ऑस्ट्रेलियातला. प्रत्येकाची मापे निराळी. अमेरिकेतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० चा, जपानमधील २०० चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा, तर इतर बहुतेक ठिकाणी १५ चा. अमेरिकन कृतीत भट्टीचे तापमान ३५० अंश लिहिलेले असते, ते फॅरनहाइटमध्ये. आपल्या घरगुती भट्टीवर सेल्सिअसचे आकडे असतात आणि ते सहसा २५० च्या आसपास संपतात. ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस, हे ज्याला माहीत नाही तो भट्टीचे बटण शेवटापर्यंत फिरवतो आणि कोळसा बाहेर काढतो. येथे कोणीही खोटे सांगितलेले नाही. तरीही केक जळला.

शिक्षक वाचकांना हा भेद निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तक आणि अपेक्षित प्रश्नसंच यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. प्रश्नसंचातून नेमके हवे ते उत्तर चटकन मिळते आणि परीक्षा निभावते. परंतु मागच्या धड्यातील कोणत्या गोष्टीवर हे उत्तर उभे आहे, ते कळत नाही. चांगल्या पाकपुस्तकाच्या आरंभी मापे असतात, मग मसाले असतात, पाकाच्या तारा असतात, धान्य-कडधान्य भिजवण्याच्या वेळा असतात. ही पाने कोणी हौसेने वाचत नाही, हे मान्य. परंतु अळूच्या फतफत्यात चिंच का घालायची, आणि ती न घातल्यास घसा का खाजतो, याचा उलगडा अशाच एखाद्या कंटाळवाण्या पानात झालेला असतो. फोनवर 'अळूची भाजी' शोधणाऱ्याला चिंच दिसते. पण घरात चिंच संपली असेल तर ती वगळता येईल की तिच्याऐवजी आमसूल घालावे लागेल, हे ठरवण्याचे ज्ञान त्याच्यापाशी नसते.

आता दुसरी बाजू. ती मांडताना आम्हांला संकोच वाटत नाही, कारण ती खरोखरच भक्कम आहे.

काही गोष्टी शब्दांत सांगताच येत नाहीत. मोदकाच्या पारीला कळ्या कशा पाडाव्या, हे आजवर अनेक लेखिकांनी लिहिले असेल. ते वाचून ज्याला कळ्या जमल्या असा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. अंगठा आतून, दोन बोटे बाहेरून, हा खेळ डोळ्यांनीच शिकावा लागतो. पाकाची एक तार, पुरणात उलथणे उभे राहणे, लाडवाचे बेसन भाजताना बदलणारा रंग, या सर्व ठिकाणी पुस्तकातले 'बेताचे', 'सैलसर', 'खमंग' हे शब्द नवशिक्याला काहीही सांगत नाहीत. पूर्वी ही उणीव शेजारीण भरून काढी. आज शेजारच्या सदनिकेचे दार बंद असते. तेथे चित्रफीत शेजारणीचे काम करते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, खानावळी बंद झाल्या, पुस्तकांची दुकानेही बंद झाली. त्या महिन्यांत खोल्यांतून अडकलेल्या कितीतरी मुलांना पोळी शिकवली ती फोननेच. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

याहून मोठा आक्षेप पुस्तकांच्या कपाटावरच घेता येतो. मराठीतील नावाजलेली पाकपुस्तके कोणाच्या स्वयंपाकघरातून आली? बव्हंशी शहरी, पांढरपेशा, विशिष्ट जातींच्या घरांतून. पुरणपोळी, अळूवडी, श्रीखंड यांना तेथे मानाचे पान. ज्वारीच्या भाकरीला मात्र अनेकदा अर्धे पानही नाही, आणि ती कोट्यवधींचे रोजचे अन्न! भाकरी ही काय शिकवायची गोष्ट आहे, ती तर येतेच, असे गृहीत धरले गेले. आज शहरात वाढलेल्या मुलाला ती येत नाही. जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि अशा पिठाला गरम पाणी वापरावे, ही गोष्ट त्याला सांगायला कोणी नाही. गावाकडच्या चुलीवरच्या कित्येक पदार्थांचे तर नावही छापले गेले नाही. मराठवाड्यातील दलित समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. 'सूपशास्त्रा'पासून ते तेथपर्यंत पोचण्यास मराठी पुस्तकाला १४० वर्षे लागली! जो समाज शतकानुशतके वाळवलेल्या मांसाच्या चान्यांवर आणि भरड धान्यावर जगला, त्याची साक्ष आपण इतक्या उशिरा नोंदवली, याची खंत प्रत्येक ग्रंथप्रेमी माणसाला वाटली पाहिजे.

आंतरजालाने हे दार उघडले, हे निर्विवाद आहे. अहिल्यानगरजवळच्या सारोळ्याच्या सुमन धामणे या आजीबाईंनी सत्तरीच्या घरात, नातवाच्या मदतीने, 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर पाककृती दाखवण्यास आरंभ केला आणि लाखो लोक त्या पाहू लागले. त्यांना ना प्रकाशकाचे दार ठोठवावे लागले, ना प्रमाणभाषेच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागले. त्या हाताने मसाला वाटतात आणि आपल्या बोलीत सांगतात. साक्ष हीच कसोटी लावायची, तर ही साक्ष कोणत्याही छापील पुस्तकाइतकी खरी आहे.

उलट, छापले म्हणजे खरे असेही नाही. रेल्वे स्थानकांवर विकल्या जाणाऱ्या 'लोणच्यांचे १०१ प्रकार' अशा थाटाच्या पुस्तिका पाहा. त्यांतील एकशे एकापैकी किती लोणची संकलकाने बरणीत भरून पाहिली असतील? वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील काही चौकटींनाही हाच प्रश्न विचारता येईल. आमच्या व्यवसायाला त्यातून सूट मिळावी असा आमचा आग्रह नाही.

तरीही आमचा कौल पुस्तकाकडे झुकतो, आणि तो झुकण्याचे ताजे कारण आहे. आंतरजालावरील पाककृतींत अलीकडे अशा कृतींची भर पडू लागली आहे, ज्या कोणीच केलेल्या नाहीत. पूर्वी तेथे निदान नकल होत असे. एकाने लिहावे, दहांनी शब्दही न बदलता उतरवावे, आणि पहिल्याच्या हातून सुटलेले मीठ दहाही ठिकाणी सुटलेले असावे. आता यंत्रच शब्दांना शब्द जोडून कृती तयार करते. २०२३ साली न्यूझीलंडमधील एका किराणा दुकानांच्या साखळीने, घरात असलेले जिन्नस सांगितले की कृती सुचवणारी अशी एक यंत्रणा सुरू केली. काही चौकस लोकांनी तिला अमोनिया, ब्लीच आणि पाणी हे जिन्नस दिले. तिने त्यांपासून पेय करण्याची कृती सुचवली. त्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. विचारणाऱ्यांनी मुद्दाम खोडी काढली हे खरे, आणि असे जिन्नस कोणी शहाणा मनुष्य भांड्यात घालणार नाही हेही खरे. परंतु पाकात किती पाणी घालावे, किंवा मैद्यात किती सोडा घालावा, हे जेव्हा तेच यंत्र सांगते, तेव्हा त्याच्या उत्तरामागेही चव घेऊन पाहिलेली जीभ नसते. अमोनिया ओळखता येतो. चुकलेला सोडा पदार्थ बिघडेपर्यंत ओळखता येत नाही.

नवशिक्याची अडचण नेमकी हीच आहे. अनुभवी गृहिणी फोनवरील कृती वाचताच तीत हळद राहिली आहे हे जाणते, हसते आणि हळद घालते. तिला आंतरजालापासून भय नाही. तिने त्यावर खुशाल हिंडावे आणि इटलीपासून मणिपूरपर्यंतचे पदार्थ करून पाहावेत. ज्याला अजून खरे-खोटे पारखता येत नाही त्याला मात्र हजार मार्गदर्शक नकोत, एकच हवा, आणि तो चुकला तर कोणी चुकवले हे सांगता येईल असा हवा. पुस्तकावर नाव असते. त्याच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. आज वाचलेले पान उद्या त्याच जागी सापडते. एखादी चित्रफीत मालकाने काढून घेतली की तिच्यावर विसंबलेल्याची दिवाळी कोरडी जाते.

आणि पुस्तकाच्या समासात लिहिता येते. आमच्या घरातील पाकपुस्तकाची काही पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत. चकलीच्या भाजणीशेजारी आईच्या हस्ताक्षरात 'धने कमी' असे आहे, आणि त्याखाली, बऱ्याच वर्षांनंतरच्या शाईत, 'नको, होते तेच बरे' असेही आहे. मूळ लेखिकेच्या साक्षीत घरची साक्ष मिसळत गेली आहे. फोनमधील इतिहास कधी पुसला जातो, ते आपल्याला कळतही नाही.

या संदर्भात सार्वजनिक ग्रंथालयांना एक सूचना करावीशी वाटते. पाकपुस्तके किरकोळ समजून फाटली की ती रद्दीत काढण्याची प्रवृत्ती सोडावी. एखाद्या शहराचे वाचनालय जुन्या नाटकांच्या संहिता जपते, तशा 'गृहिणीमित्रा'सारख्या पुस्तकांच्या प्रतीही त्याने जपाव्यात, आणि त्यांची पाने आंतरजालावर सर्वांना खुली करावीत. पुस्तक आणि पडदा यांचे भांडण मिटवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला दिसत नाही. त्याचबरोबर तालुक्या-तालुक्यांतील महिला मंडळांनी आपापल्या भागातील वृद्ध स्त्रियांच्या कृती माप घेऊन लिहून ठेवाव्यात. 'अंदाजाने' हा शब्द मात्र त्यांत येऊ देऊ नये. आजीच्या मुठीत किती मावते, ते तिच्या समोर वाटीने मोजून घ्यावे.

ज्यांना पहिले पुस्तक घ्यायचे आहे त्यांनी दुकानात ते चाळताना पनीरची रंगीत पाने उघडू नयेत. वरण, भात, पोळी यांची पाने पाहावीत. वाटी कोणती ते सांगितले आहे काय, कुकरमध्ये भाताला पाणी किती आणि नुसत्या पातेल्यात किती असा भेद केला आहे काय, पोळी कडक झाली तर कशामुळे हे लिहिले आहे काय, एवढे तपासावे आणि मगच पैसे द्यावेत. भाच्याने गेल्या वर्षी असे एक पुस्तक घेतले. तांदूळ त्याने दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच भिजत घातले होते.